ऊतीचा नमुना गोठवताना: ओसीटीच्या साच्यापासून क्रायोस्टॅटच्या पात्यापर्यंत

क्रायोस्टॅटवर, म्हणजे गोठवलेल्या ऊतीचे पातळ काप घेणाऱ्या यंत्रावर, पहिल्यांदा बसणारा विद्यार्थी बहुधा एकाच प्रश्नाने हैराण होतो. स्लाइडवर उतरलेल्या कापात सलग पेशींऐवजी भोकाभोकांची जाळी का दिसते? तो पाते बदलतो, पात्याचा कोन बदलतो, तापमान दोन अंशांनी खालीवर करतो, आणि तरीही जाळी तशीच राहते. तिचे कारण बहुतेक वेळा यंत्रात नसते. नमुना गोठला त्या पहिल्या अर्ध्या मिनिटातच ते घडून गेलेले असते, आणि नंतर कितीही कुशलतेने काप घेतले तरी ते दुरुस्त होत नाही. म्हणून या लेखात काप घेण्याच्या तंत्रापेक्षा त्याआधीच्या कामाला, म्हणजे नमुना काढणे, कोरडा करणे, साच्यात बसवणे आणि गोठवणे याला, अधिक जागा दिली आहे.

मऊ ऊतींच्या वजनात साधारण सत्तर ते ऐंशी टक्के पाणी असते, आणि पाण्याचे बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. ऊती सावकाश थंड झाली तर बर्फाचे थोडेच स्फटिक तयार होतात, पण ते आजूबाजूचे पाणी ओढून घेत मोठे होत जातात आणि पेशीचे पटल, तंतू, केंद्रक यांना बाजूला ढकलतात. काप स्लाइडवर वितळला की स्फटिकाच्या जागी पोकळी उरते. हीच ऊती काही सेकंदांत गोठली तर असंख्य स्फटिक एकाच वेळी तयार होतात, कोणालाच वाढायला वाव मिळत नाही, आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसतही नाहीत. गोठवण्याचे सगळे तंत्र या एका गोष्टीभोवती फिरते: नमुन्यातील उष्णता शक्य तितक्या लवकर आणि सर्व बाजूंनी बाहेर काढायची.

आधी ठरवावे: ताजा की स्थिर केलेला

मेणातले ब्लॉक, म्हणजे न गोठवता मेणात बसवलेले ऊतीचे ठोकळे, अनेक वर्षे टिकतात आणि त्यांत पेशींची रचना अधिक रेखीव दिसते, हे खरेच आहे. परंतु मेण आत शिरण्यासाठी ऊतीला अल्कोहोल, झायलीन आणि सुमारे ६० अंशांचे वितळलेले मेण यांतून जावे लागते. त्यात मेद विरघळून जातो, बहुतेक विकरे निकामी होतात आणि विशिष्ट प्रथिने शोधण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या अनेक प्रतिपिंडांना आपले लक्ष्य ओळखता येत नाही. यकृतातील मेद ऑइल रेड ओ ने रंगवायचा असेल, स्नायूतील विकरांची क्रिया पाहायची असेल, आरएनए शाबूत हवा असेल किंवा शस्त्रक्रिया चालू असतानाच गाठ कर्करोगाची आहे का याचे उत्तर द्यायचे असेल, तर गोठवण्याला पर्याय नाही. शेवटच्या गरजेतूनच या तंत्राला रुग्णालयात स्थान मिळाले. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये लुई विल्सन यांनी १९०५ मध्ये गोठवलेल्या कापांना मिथिलीन ब्ल्यूने रंगवून निदान करण्याची पद्धत प्रसिद्ध केली, आणि त्यांनी सुरुवातीचे नमुने मिनेसोटाच्या हिवाळ्यात खिडकीबाहेर ठेवून गोठवले असे सांगतात. पाते आणि नमुना दोन्ही थंड कपाटात ठेवून काप घेण्याची, म्हणजे क्रायोस्टॅटची, कल्पना त्यानंतर १९३८ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत लिंडरस्ट्रॉम-लँग आणि मोगेन्सेन यांनी मांडली.

गोठवायच्या नमुन्याचे दोन मार्ग आहेत, आणि ते एकमेकांत मिसळू नयेत. पहिल्यात ऊती काढल्यावर काही मिनिटांत, कोणत्याही रसायनाची प्रक्रिया न करता, ताजीच गोठवतात. स्नायूंची बायोप्सी, विकरांच्या चाचण्या आणि आरएनएचे काम यांसाठी हाच मार्ग योग्य ठरतो. दुसऱ्यात ऊती पॅराफॉर्माल्डिहाइड या रसायनाने स्थिर करून, म्हणजे तिची रचना आहे तशी टिकवून, साखरेच्या द्रावणात मुरवून मग गोठवतात. मेंदू, डोळ्याचा पडदा, भ्रूण आणि चमकणारी प्रथिने असलेले नमुने यांसाठी तो सोयीचा आहे. कोणता प्रतिपिंड किंवा कोणती रंगपद्धत वापरायची आहे ते माहीत नसताना प्राण्याला भूल देणे योग्य नव्हे. एकदा स्थिर केलेली ऊती पुन्हा ताजी होत नाही, आणि संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीने मंजूर केलेल्या मोजक्या प्राण्यांपैकी एक त्यात वाया जातो. रुग्णाच्या ऊतीच्या बाबतीत तर हा निर्णय संमतिपत्रावर सही होण्याच्या आधीच झालेला असावा.

आदल्या दिवशीची तयारी

गोठवण्याच्या दिवशी काहीही शोधावे लागू नये, एवढीच या तयारीची कसोटी. साच्यांवर नमुन्याचा क्रमांक, अवयव, तारीख आणि कोणती बाजू खाली आहे हे आदल्या दिवशीच लिहून ठेवावे. साधी मार्कर पेनची शाई आयसोपेंटेनमध्ये, म्हणजे नमुना ज्यात बुडवून गोठवतात त्या द्रवात, धुऊन निघते, म्हणून अतिथंड तापमानासाठी बनवलेले मार्कर वापरावे, किंवा पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी साच्याच्या कडेला ओसीटीमध्येच बुडवून गोठवावी. ओसीटी म्हणजे पॉलिव्हिनाइल अल्कोहोल आणि पॉलिएथिलिन ग्लायकॉल यांचे पाण्यात विरघळणारे घट्ट द्रावण. नेहमीच्या तापमानाला ते पारदर्शक आणि मधासारखे असते, तर गोठल्यावर पांढरे व पात्याने सहज कापले जाईल असे होते. त्याची बाटली रात्रभर उलटी उभी करून ठेवावी, म्हणजे हवेचे बुडबुडे तळाकडे चढून बसतात आणि सकाळी तोटीतून स्वच्छ द्रावण येते.

आयसोपेंटेनविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण आपल्या हवामानात त्याचा धोका वाढतो. हा द्रव २८ अंश सेल्सिअसला उकळतो आणि सुमारे उणे १६० अंशांना गोठतो. थंड प्रदेशातल्या पुस्तकांत त्याला नेहमीच्या तापमानाला द्रव म्हटलेले असते, पण नागपूर किंवा जळगावच्या मे महिन्यात वातानुकूलन नसलेल्या खोलीत तो बाटलीतच उकळू लागतो आणि झाकण उघडताच उसळू शकतो. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, टेबलावरून खाली उतरून जमिनीलगत पसरते आणि ठिणगीने पेटते. त्यामुळे बाटली ठिणगीरोधक शीतकपाटातच ठेवावी. घरगुती फ्रिजच्या आत दिव्याचे व तापनियंत्रकाचे बटण असते, आणि साठलेल्या वाफेला त्याची ठिणगी पुरते. काम धूर खेचून घेणाऱ्या कपाटात करावे आणि आसपास बर्नर, हीटर किंवा चालू हॉट प्लेट नसल्याची खात्री करावी.

द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांना उकळतो आणि एका लिटरपासून सुमारे ७०० लिटर वायू तयार होतो. लहान बंद खोलीत हा वायू प्राणवायूची जागा घेतो, आणि गुदमरण्याची कोणतीही पूर्वसूचना शरीराला मिळत नाही. दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात, नायट्रोजनचे भांडे घेऊन माणसांसोबत लिफ्टमध्ये जाऊ नये, आणि भांड्याचे तोंड कधीही घट्ट बंद करू नये. पटकन काढता येतील असे सैल हातमोजे, चेहऱ्यावर पारदर्शक ढाल आणि पाय पूर्ण झाकणारे बूट हवेत. प्रयोगशाळेत चपला घालून वावरण्याची सवय अनेकांना असते. या दिवशी मात्र ती सोडावी, कारण सांडलेला नायट्रोजन सर्वप्रथम पावलांवरच येतो.

याशिवाय एक स्टीलचा उंच पेला, लांब चिमटे, टोकदार सुई, फिल्टर पेपर, ॲल्युमिनियम फॉइल, झिपच्या पिशव्या आणि थर्माकोलच्या पेटीत शुष्क बर्फ (गोठलेला कार्बन डायऑक्साइड) एवढे साहित्य हाताशी असावे. काचेचा चंचुपात्र नको, कारण थंडीच्या धक्क्याने तो तडकतो. स्टील उष्णता लवकर वाहून नेते आणि पडले तरी फुटत नाही.

स्थिर केलेल्या ऊतीसाठी साखर

भूल दिलेल्या उंदराच्या हृदयातून आधी सलाइन आणि मग थंड, ताजे बनवलेले ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइड, आम्लता (पीएच) ७.४ ला जुळवून, सोडल्यास मेंदू आतून एकसारखा स्थिर होतो. बाहेर काढलेला मेंदू त्याच द्रावणात साधारणपणे रात्रभर ते चोवीस तास ठेवतात. अधिक काळ ठेवल्याने अधिक चांगले होते असे नाही. फॉर्माल्डिहाइड प्रथिनांना एकमेकांशी जखडत जाते, आणि कित्येक प्रतिपिंडांना मग आत शिरता येत नाही. त्यानंतर फॉस्फेट बफरने दोन-तीन वेळा धुऊन ऊती आधी १५ टक्के आणि नंतर ३० टक्के सुक्रोजच्या, म्हणजे साखरेच्या, द्रावणात ४ अंशांना ठेवावी.

सुक्रोज ऊतीतील मुक्त पाण्याला बांधून ठेवते आणि काही पाणी बाहेर ओढून घेते, त्यामुळे मोठे स्फटिक होण्याची शक्यता कमी होते. नवख्याला येथे घड्याळ नव्हे, तर ऊती स्वतःच वेळ सांगते. द्रावणात ठेवताच ती तरंगते, साखर आत मुरत जाते तशी ती खाली उतरते आणि शेवटी तळाशी बसते. उंदराच्या मेंदूला यासाठी एक ते तीन दिवस लागतात, लहान भ्रूणाला एक रात्रही पुरते. तरंगणारा मेंदू घाईने गोठवला तर त्याचे बाह्यपटल ठीक दिसते आणि आतला भाग भोकाळलेला निघतो, आणि ही चूक काप खोलवर गेल्यावरच उघडी पडते. फुप्फुसाचा मात्र अपवाद लक्षात ठेवावा. त्यात अडकलेल्या हवेमुळे ते साखर मुरल्यावरही तरंगत राहू शकते, म्हणून ते काढताना श्वासनलिकेतून सौम्य दाबाने ओसीटी आणि बफरचे मिश्रण भरून घेतात.

ताजी ऊती: मीठपाण्यात बुडवू नये

ताज्या नमुन्याचे सर्वात मोठे नुकसान चांगल्या हेतूने होते. ऊती सुकू नये म्हणून कोणीतरी ती सलाइनने भरलेल्या बाटलीत टाकून पाठवतो. स्नायूची पहिली बायोप्सी माझ्या हाती आली ती अशीच, बाटलीच्या तळाशी फुगून पडलेली. गोठवताना मी कोणतीही कसर ठेवली नव्हती, तरी प्रत्येक तंतूत गोल पोकळ्या दिसत होत्या, आणि त्या रुग्णाला पुन्हा एकदा छेद घ्यावा लागला. तेव्हापासून शस्त्रक्रियागृहात नमुना घ्यायला जाताना मी कापडाची पट्टी स्वतः घेऊन जाते. गॉजचा तुकडा सलाइनने भिजवून घट्ट पिळावा, त्यात ऊती गुंडाळावी, कोरड्या डबीत घालावी आणि ती डबी बर्फावर ठेवून आणावी. ऊती ओलसर राहायला हवी, पण तिला सुटे पाणी लागायला नको.

प्रयोगशाळेत आल्यावर तुकडा लहान करावा. जाडी पाच मिलिमीटरच्या आत असेल तर थंडी मध्यापर्यंत वेळेत पोहोचते. सेंटिमीटरभर जाडीचा तुकडा कशातही बुडवला तरी त्याचा गाभा सावकाशच गोठतो. धारदार पात्याने एका झटक्यात कापावे, कात्रीने चिरडू नये. मग फिल्टर पेपरच्या कडेने पृष्ठभागावरचे पाणी व रक्त टिपून घ्यावे. हे टिपणे क्षुल्लक वाटते, परंतु ऊतीभोवती पाण्याचा पातळ थर राहिला तर गोठल्यावर तो बर्फाचे कवच होतो, आणि काप घेताना ऊती ओसीटीपासून सुटून गोल चकतीसारखी बाहेर पडते. साखरेच्या द्रावणातून काढलेल्या मेंदूलाही हेच लागू आहे. आरएनएचे काम असेल तर चिमटे, पाते आणि कापायचा पृष्ठभाग हे सर्व आरएनए-नाशक विकरांपासून मुक्त केलेले असावे आणि ऊती काढल्यापासून गोठेपर्यंतचा वेळ वहीत मिनिटांत नोंदवावा.

साच्यात बसवणे

साच्याच्या तळाशी दोन-तीन मिलिमीटर ओसीटी घालावे, त्यात ऊती ठेवावी आणि वरून ती झाकली जाईल एवढेच ओसीटी भरावे. साचा काठोकाठ भरू नये, कारण गोठताना ब्लॉक फुगतो. काप सुरू करताना साच्याच्या तळाकडची बाजू पात्यासमोर येते, हे सुरुवातीला उलटे वाटते आणि म्हणूनच अनेकांचे पहिले ब्लॉक चुकीच्या दिशेने बसतात. सूक्ष्मदर्शकाखाली जो पृष्ठभाग पाहायचा आहे तो तळाकडे तोंड करून ठेवावा. त्वचेचा तुकडा आडवा न टाकता कडेवर उभा करावा, म्हणजे बाह्यत्वचेपासून मेदापर्यंतचे सर्व थर एका कापात येतात. आतड्याची नळी उभी ठेवावी, म्हणजे पूर्ण वर्तुळ मिळते. मेंदूचे आडवे काप हवे असतील तर मागचा भाग सरळ कापून सपाट करावा, म्हणजे तो साच्यात तोल न जाता उभा राहतो.

ऊती ओसीटीमध्ये हळू बुडवावी. चिमट्याला चिकटून आलेली हवा तिच्या खाली अडकते आणि तेथे पात्याला आधार न मिळाल्याने काप फाटतो. बुडबुडे सुईच्या टोकाने कडेला ओढून घ्यावेत. भ्रूण किंवा डोळ्यासारख्या लहान नमुन्यांसाठी विच्छेदन सूक्ष्मदर्शकाखाली, काळ्या पार्श्वभूमीवर काम केल्यास बुडबुडे व दिशा दोन्ही स्पष्ट दिसतात. साखरेतून आलेली ऊती ओसीटीमध्ये दहा-पंधरा मिनिटे राहू द्यावी. काही जण आधी ३० टक्के सुक्रोज आणि ओसीटी यांच्या समभाग मिश्रणातून ती काढतात, आणि नाजूक नमुन्यांसाठी मलाही ते पसंत आहे. ताज्या ऊतीला मात्र इतका वेळ देऊ नये. सर्व काही बसल्यावर ब्लॉकचे लहानसे चित्र वहीत काढावे आणि वर-खाली, डावे-उजवे खुणेने दाखवावे, कारण गोठल्यावर ओसीटी अपारदर्शक होते आणि आत काय कोणत्या दिशेला आहे हे कोणालाच दिसत नाही.

स्नायूची पद्धत थोडी वेगळी आहे. ओसीटी हा उष्णतेचा मंद वाहक असल्याने त्याच्या जाड थरात लपेटलेला ताजा स्नायू हवा तितक्या वेगाने गोठत नाही. म्हणून बुचाच्या लाकडाच्या चकतीवर ट्रॅगाकॅन्थ डिंकाचा किंवा ओसीटीचा लहान ढीग करून त्यात तुकड्याचे फक्त बूड रोवतात आणि वरचा बहुतेक भाग उघडा ठेवतात. तंतू चकतीला काटकोनात उभे राहतील याची भिंगातून खात्री करावी, कारण निदानाला लागणारे गोल-बहुकोनी छेद तंतू आडवे कापले गेल्यावरच दिसतात. नमुना पुढे वस्तुमान वर्णपटमापनासाठी (मास स्पेक्ट्रोमेट्री) जाणार असेल तरीही ऊतीला ओसीटी लागू देऊ नये. त्यातील बहुवारिकांचे (पॉलिमरचे) संकेत प्रथिनांचे संकेत झाकून टाकतात.

गोठवणे

ऊती थेट द्रव नायट्रोजनमध्ये टाकावी असा पहिला विचार मनात येतो, कारण त्याहून थंड काहीच हाताशी नसते. परंतु उबदार वस्तू त्यात पडताच तिच्याभोवतीचा नायट्रोजन उकळून वायूचे आवरण तयार होते, आणि वायू उष्णता फार सावकाश वाहून नेतो. तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब चटकन न आटता नाचत राहतो, त्याचे कारण हेच आहे. योहान लाइडेनफ्रॉस्ट यांनी १७५६ मध्ये या घटनेचे वर्णन केले म्हणून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. नायट्रोजनने थंड केलेले आयसोपेंटेन मात्र त्या तापमानाला उकळत नसल्याने ऊतीला सर्व बाजूंनी चिकटून राहते, आणि म्हणून कमी थंड असूनही अधिक वेगाने गोठवते.

स्टीलच्या पेल्यात निम्म्याहून थोडे अधिक आयसोपेंटेन घेऊन पेला नायट्रोजनच्या भांड्यात हळूहळू उतरवावा, जेणेकरून नायट्रोजन उसळून आत येणार नाही. लांब चिमट्याने अधूनमधून ढवळावे. काही मिनिटांत पेल्याच्या तळाशी व कडेला पांढरा, साखरेच्या पाकाच्या दाट तळासारखा थर दिसू लागतो. आयसोपेंटेन गोठू लागल्याची ही खूण आहे, आणि हाच योग्य क्षण आहे. सगळा द्रव घट्ट झाला तर पेला थोडा वर उचलून थांबावे. पांढरा थर दिसण्याआधी केलेली घाई हे भोकाळलेल्या स्नायूंचे, सलाइननंतरचे, दुसरे मोठे कारण आहे.

स्नायूची चकती चिमट्यात उलटी धरून, ऊती खाली राहील अशी, एका झटक्यात बुडवावी आणि दहा ते वीस सेकंद सतत हलवत ठेवावी. हलवल्याने ऊतीजवळचा किंचित कोमट झालेला द्रव बाजूला जाऊन थंड द्रव येत राहतो. ओसीटीने भरलेल्या साच्याला अशी एकदम बुडी दिली तर बाहेरचे कवच आधी कडक होते, आतला भाग नंतर फुगतो आणि ब्लॉक आरपार तडकतो. साच्याचा फक्त तळ द्रवाला टेकवून धरावा. पांढरेपणा कडेकडून मध्याकडे सरकताना दिसतो, आणि मध्यभागी वाटाण्याएवढा पारदर्शक ठिपका उरला की साचा उचलून शुष्क बर्फावर ठेवावा. उरलेला भाग तेथे सावकाश गोठतो आणि तडा टळतो. ऊती तळाजवळ असल्याने तोवर ती गोठून गेलेली असते.

नायट्रोजन मिळत नसेल तर शुष्क बर्फाचा चुरा आयसोपेंटेनमध्ये मिसळून उणे ७० अंशांच्या आसपासचे मिश्रण मिळते. साखरेत मुरलेल्या, स्थिर केलेल्या ऊतीसाठी ते पूर्णपणे पुरेसे आहे, आणि ताज्या यकृत-मूत्रपिंडासाठीही अनेकदा चालते. स्नायूसाठी त्यावर विसंबू नये. शुष्क बर्फ आणि इथेनॉलचे मिश्रण वापरताना इथेनॉल साच्यात शिरणार नाही हे पाहावे, कारण इथेनॉल मिसळलेले ओसीटी नीट गोठतच नाही आणि ब्लॉक मऊ राहतो. ताजा नमुना उणे २० किंवा उणे ८० च्या फ्रीझरमध्ये नुसता ठेवून गोठवणे ही पद्धत मी कोणालाही सुचवणार नाही. फ्रीझर ही साठवण्याची जागा आहे, तेथील हवा नमुन्याची उष्णता अत्यंत सावकाश काढून घेते.

काम संपल्यावर उरलेले आयसोपेंटेन धूर खेचून घेणाऱ्या कपाटातच सावकाश नेहमीच्या तापमानाजवळ येऊ द्यावे. अतिथंड असताना ते बाटलीत ओतून झाकण घट्ट लावल्यास पुढे दाब वाढतो. ते मोरीत कधीही ओतू नये.

साठवण आणि वाहतूक

गोठलेले ब्लॉक अर्धा तास शुष्क बर्फावर ठेवून चिकटलेले आयसोपेंटेन उडून जाऊ द्यावे, मग फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून, हवा काढलेल्या झिपच्या पिशवीत घालून उणे ८० अंशांना ठेवावेत. उघडा ब्लॉक महिन्याभरात कोरडा पडू लागतो, कारण फ्रीझरच्या कोरड्या हवेत बर्फ थेट वाफ होऊन निघून जातो. आपोआप हिम वितळवणारे फ्रीझर टाळावेत. त्यांचे तापमान ठराविक वेळाने वर-खाली होते, आणि प्रत्येक चढउतारात लहान स्फटिक एकत्र येऊन मोठे होतात. एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जातानाही ब्लॉक शुष्क बर्फातच न्यावा. साध्या बर्फात तो शून्य अंशावर येतो, म्हणजे प्रत्यक्षात वितळतोच. वीज जाण्याची शक्यता असलेल्या ठिकाणी फ्रीझर जनित्राला जोडलेला आहे का, आणि रात्री धोक्याची सूचना कोणाच्या फोनवर जाते, हे नमुने ठेवण्याआधी विचारून घ्यावे.

पात्यासमोर

उणे ८० वरून काढलेला ब्लॉक लगेच कापला तर काचेसारखा तुटतो. तो क्रायोस्टॅटच्या कक्षात अर्धा ते एक तास ठेवावा आणि मगच ओसीटीच्या थेंबाने चकवर, म्हणजे यंत्रात ब्लॉक धरून ठेवणाऱ्या चकतीवर, बसवावा. यकृत आणि स्थिर न केलेला मेंदू उणे १२ ते उणे १६ अंशांच्या दरम्यान चांगला कापला जातो, स्नायू व त्वचेला उणे २० ते उणे २५ लागते, तर मेद उणे ३० च्या आसपासही मऊच वाटतो. साखरेत मुरलेली ऊती साध्या ऊतीपेक्षा थोडी अधिक थंडी मागते. काप भुरभुरत असेल किंवा त्यावर आडव्या भेगा पडत असतील तर ब्लॉक जास्त थंड आहे. काप पात्यावर गोळा होत असेल किंवा चिकटत असेल तर तो पुरेसा थंड नाही. एकाच जागी उभी रेघ येत राहिली तर पात्याला खाच आहे, पाते थोडे सरकवावे. निदानासाठी पाच ते दहा मायक्रोमीटर जाडी पुरते. धन प्रभारित स्लाइड नेहमीच्या तापमानाची ठेवून कापाजवळ नेली की काप स्वतःच तिच्यावर उडी घेतो. पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत दमट हवेमुळे कक्षात हिम साचून काप खेचले जातात, म्हणून झाकण क्षणभरच उघडावे आणि श्वास बाजूला सोडावा.

भोके दिसलीच, तर ती थंडीने पडलेली की आजाराची, हे ओळखता आले पाहिजे. बर्फाची भोके साधारणपणे संपूर्ण कापात, सर्व पेशींत पसरलेली, रिकामी आणि कडांना स्वच्छ असतात. खऱ्या आजारातील पोकळ्या काहीच पेशींत असतात आणि त्यांच्या कडेला किंवा आत बरेचदा रंग घेणारा पदार्थ दिसतो.

माणसाच्या ताज्या ऊतीबाबत एक गोष्ट कधीही विसरू नये. गोठवल्याने जंतू मरत नाहीत. आपल्याकडे क्षयरोग अजूनही सर्रास आढळतो, आणि क्षयाचा संशय असलेला ताजा नमुना क्रायोस्टॅटवर घेतल्यास सूक्ष्म कण हवेत उडू शकतात. असा नमुना विभागप्रमुखांशी बोलल्याशिवाय कापू नये, आणि ब्लॉक थंड करण्यासाठी दाबाचा फवारा वापरू नये. पाते बदलण्याआधी चाक अडकवून ठेवावे व आत जाळीचे हातमोजे घालावेत. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ऊतीचे तुकडे पिवळ्या पिशवीत आणि वापरलेली पाती पांढऱ्या, अर्धपारदर्शक, टोचून फाटणार नाही अशा डब्यात जातात.

मौल्यवान नमुन्याला हात लावण्यापूर्वी सराव करण्यासाठी बाजारातून ताजी कलेजी आणावी. तिचे वाटाण्याएवढे चार तुकडे करावेत. एक फ्रीझरमध्ये ठेवून, एक थेट द्रव नायट्रोजनमध्ये टाकून, एक पांढरा थर येण्याआधीच्या आयसोपेंटेनमध्ये आणि एक पांढरा थर आल्यानंतरच्या आयसोपेंटेनमध्ये गोठवावा. चारही ब्लॉकमधून आठ मायक्रोमीटरचे काप घेऊन एकाच वेळी हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिनने रंगवावेत. स्लाइड शेजारी शेजारी ठेवून पाहताना पहिल्या स्लाइडवरील जाळी आणि चौथ्या स्लाइडवरील सलग, गोल केंद्रकांच्या यकृतपेशी यांतील फरक स्वतःच्या डोळ्यांनी दिसेपर्यंत हा सराव करावा, आणि उरलेली कलेजी स्वयंपाकघरात परत न नेता पिवळ्या पिशवीत टाकावी.